मॉरिशसला निघालात? नाशिककरासाठी पायरी-पायरीनं

परवा आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीतला एक मुलगा पेढे घेऊन आला. "काकू, मॉरिशसला नोकरी लागली. एकच विचारायचं होतं, तिकडे कांदा मिळतो का?" लासलगाव ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या पोराचा पहिला प्रश्न दुसरा कुठला असणार? मिळतो, आणि बऱ्याचदा तो आपल्याकडूनच गेलेला असतो. २०२४ साली कांद्याची निर्यात बंद होती, तेव्हाही ज्या मोजक्या देशांना कांदा पाठवायची मुभा सरकारनं दिली, त्यांत मॉरिशस होतं.

नवऱ्याच्या नोकरीमुळे मी तीन वर्षं तिथल्या क्वात्र बोर्न गावात राहिले. त्या मुलाला जे सांगितलं तेच जरा नीट मांडून इथे लिहिते. मॉरिशसची खरी अडचण अशी की ते परकं वाटतच नाही. देवळं आहेत, गणपतीची सरकारी सुट्टी आहे, चलन रुपया आहे, गाड्या डाव्या बाजूनं चालतात. त्यामुळे माणूस तयारी न करता जातो आणि नेमका ओळखीच्या गोष्टींतच फसतो. मी फसले. कुठे ते पुढे येईलच.

मुख्य बेट साधारण १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे नाशिक जिल्ह्याचा आठवा हिस्सा. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. एका टोकापासून दुसरं टोक ६५ किलोमीटर. पण नकाशा बघून "अर्ध्या दिवसात सगळं उरकू" असं ठरवू नका. वळणाचे रस्ते आणि जागोजागी राउंडअबाउट, म्हणून वेळ लागतो.

१. फिरायला की राहायला?

फिरायला जाणार असाल तर सोपं आहे. भारतीय पासपोर्टवर पर्यटकाचा व्हिसा तिथे उतरल्यावर मिळतो, त्याचे पैसे पडत नाहीत. परतीचं तिकीट, राहण्याच्या जागेचं बुकिंग आणि खर्चापुरते पैसे असल्याचा पुरावा मात्र कागदावर काढून हातात ठेवा. मोबाइलमध्ये आहे म्हणाल आणि नेमकी बॅटरी संपेल. निघण्याआधी त्यांचा ऑनलाइन प्रवासी फॉर्म भरायचा असतो, तो भरून क्यूआर कोडचीही प्रिंट घ्या. पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक असू द्या. पासपोर्ट सेवा केंद्र नाशिकमध्येच आहे, तेवढ्यासाठी मुंबई गाठायला नको.

नोकरीसाठी जाणार असाल तर परवाना हातात आल्याशिवाय इथली नोकरी सोडू नका. वर्क परमिटसाठी अर्ज तिथला मालक करतो. व्यावसायिक, गुंतवणूकदार आणि स्वतःचा धंदा करणारे यांच्यासाठी ऑक्युपेशन परमिट असतं. त्यात कामाचा आणि राहण्याचा परवाना एकत्र मिळतो आणि ते काम इकॉनॉमिक डेव्हलपमेंट बोर्डामार्फत चालतं. पगाराच्या आणि गुंतवणुकीच्या अटी बदलत राहतात, म्हणून त्या बोर्डाच्याच साइटवर वाचा. वैद्यकीय तपासण्याही असतात. "आधी टुरिस्ट म्हणून उतरा, मग बघू" असं सांगणारा एजंट भेटला, तर त्याचा चहासुद्धा न घेता उठा.

कागदांचं एक सांगते. माझा जन्मदाखला जुना, मराठीतला, आणि त्यात माझं नाव माहेरचं, तेही घरगुती. लग्नाच्या दाखल्यात एक स्पेलिंग, पासपोर्टवर दुसरं. हे सगळं जुळवण्यात आमचे सात आठवडे गेले. पदवी, जन्म आणि लग्न या तिन्ही दाखल्यांवरची नावं आज रात्रीच शेजारी शेजारी ठेवून बघा. दाखले इंग्रजीतून काढून घ्या आणि ॲपोस्टिल, म्हणजे दाखला परदेशात चालावा म्हणून मारायचा सरकारी शिक्का, लागेल का ते मालकाला लेखी विचारा.

कधी जायचं, तर तिथले ऋतू आपल्या उलटे. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा, पाऊस आणि वादळं. मे ते ऑक्टोबर त्यांचा हिवाळा, हवा कोरडी आणि छान. आपण मे महिन्यात कूलरसमोर बसलेले असतो तेव्हा तिथे संध्याकाळी पातळ शाल लागते. मुलांची उन्हाळी सुट्टी त्यामुळे फिरायला उत्तम. लिची खायची असेल तर डिसेंबर.

२. बॅग भरताना

आधी काय न्यायचं नाही ते. ताजी फळं, भाज्या, बियाणं, रोपं परवान्याशिवाय नेता येत नाहीत. म्हणजे पिंपळगावची द्राक्षं कितीही मनात असली तरी नाहीत. बेटावरच्या शेतीला बाहेरची कीड लागू नये म्हणून ते काटेकोर असतात, आणि उसाचा देश असल्यानं उसाचा तुकडासुद्धा चालत नाही. घरचं तूप, खवा वगैरेही घरीच ठेवा. ई-सिगारेट नको. सिगारेट वळायचा कागदही तिथे बंदीच्या यादीत आहे.

औषधांच्या बाबतीत तर मी हट्टानं सांगेन. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा ट्रामाडॉल आपल्याकडे घरातल्या डब्यात सहज पडलेलं असतं. तिथे त्यावर कडक नियंत्रण आहे आणि अमली पदार्थांचे कायदे फार कठोर आहेत. रोजची औषधं असतील तर मूळ पाकिटात, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट न्या. झोपेची किंवा मनोविकाराची औषधं असतील तर आधी तिकडे विचारूनच न्या. शेजारच्यांनी "आमच्या भाच्याला एवढं पार्सल द्या" म्हणून दिलेला डबा त्यांच्यासमोर उघडून बघायचा. राग आला तर येऊ दे.

न्यायचं काय? काळा मसाला, भाजणी, मेतकूट, नागलीचं पीठ, सगळं सीलबंद आणि नाव लिहिलेलं. डाळी, तांदूळ, कणीक तिथे मिळतात, त्यासाठी वजन वाया घालवू नका. प्लग बहुतेक ठिकाणी इंग्लंडसारखे चौकोनी तीन पायांचे असतात, दोन-तीन ॲडॉप्टर इथूनच घ्या. कापडी पिशव्या टाका, प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर तिथे २०१६ पासून बंदी आहे. समुद्रात घालायचे रबरी बूट विसरू नका, कारण पुढे सांगते. स्वेटर एक. हो, स्वेटर.

३. घर ते विमानतळ, आणि पलीकडे

ओझरहून परदेशी विमान नाही, तेव्हा मुंबई गाठायचीच. मुंबईहून थेट विमान आहे, साधारण सहा तास. कसारा घाटात एखादा ट्रेलर आडवा झाला की सगळी गणितं कोलमडतात, म्हणून गुगल जे सांगेल त्यात दोन तास मिळवा. समृद्धी झाल्यापासून इगतपुरीपुढचा प्रवास सुधारलाय, पण भिवंडी-ठाण्याला कुणाचा भरवसा द्यायचा?

उतरताच घड्याळ दीड तास मागे घ्या. नाशकात संध्याकाळचे सात, तेव्हा तिथे साडेपाच. विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाला आहे, लोक त्याला प्लेझांस म्हणतात. राजधानी पोर्ट लुई तिथून ४५ किलोमीटरच्या आसपास. मेट्रो विमानतळापर्यंत येत नाही. टॅक्सीत बसण्याआधी भाडं ठरवा, मीटरची वाट बघत बसू नका.

४. पहिला आठवडा

सिमकार्ड घ्या, माय-टी किंवा एमटेल. हे नंबर लिहून फ्रिजवर चिकटवा: पोलिस ९९९, रुग्णवाहिका ११४, अग्निशमन ११५.

त्यांचा रुपया आपल्या पावणेदोन ते दोन रुपयांच्या दरम्यान फिरतो. पहिले पंधरा दिवस पाटी वाचताना डोकं आपोआप आपल्या रुपयात जातं आणि सगळं स्वस्त वाटतं. मी एक टोमॅटोची पाटी बघून "अरे वा" म्हटलं होतं. दुप्पट करायचं विसरले, आणि भाव अर्ध्या किलोचा होता तेही कळलं नाही. बाजारात बऱ्याचदा अर्ध्या किलोचाच भाव सांगतात, लक्षात ठेवा. फेब्रुवारी २०२४ पासून आपलं यूपीआय आणि रुपे कार्ड तिथे सुरू झालंय. जाण्याआधी ॲपमध्ये परदेशी व्यवहार चालू करून घ्या, पण भाजीवाला आणि बस यांच्यासाठी रोख ठेवाच.

फिरायला बस सगळीकडे जाते. मेट्रो एक्सप्रेस ही ट्रामसारखी गाडी पोर्ट लुईहून रोझ हिल, क्वात्र बोर्नवरून क्युरपिपपर्यंत जाते. ती बांधली आपल्या लार्सन अँड टुब्रोनं, भारताच्या मदतीनं. क्युरपिपपर्यंतचा टप्पा २०२२ साली सुरू झाला. संध्याकाळचं मात्र सांभाळा. नाशकात रात्री दहाला कॉलेज रोडवर पाय ठेवायला जागा नसते. तिथे सहाला शटर खाली येतात, गावाकडच्या बसही लवकर संपतात. क्वात्र बोर्न, रोझ हिल, क्युरपिपची दुकानं गुरुवारी दुपारनंतर बंद, पोर्ट लुईची शनिवारी दुपारनंतर. पहिल्या गुरुवारी मी चार वाजता झाडू घ्यायला निघाले आणि सुन्न रस्ता बघून विचारलं, "कोणी गेलं का?"

भाषेचं भय नको. सरकारी पाट्या इंग्रजीत, वर्तमानपत्रं बहुतेक फ्रेंचमध्ये आणि तोंडात क्रियोल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली. एवढं पाठ करा: "बोंझूर" नमस्कार, "की मान्येर?" कसं काय, त्याला उत्तर "कोरेक". "कोम्ये?" म्हणजे केवढ्याला, "मेर्सी" म्हणजे आभार. "मो पा कोंप्रान" म्हणजे मला समजलं नाही. हे शेवटचं माझं सर्वांत जास्त वापरून झालं.

५. घर कुठे घ्यायचं

समुद्राकाठी घर घ्यावंसं सगळ्यांनाच वाटतं. नोकरी एबेनच्या सायबरसिटीत असेल तर क्वात्र बोर्न किंवा रोझ हिल बघा, दोन्ही ठिकाणांहून मेट्रो जवळ. क्युरपिप साधारण नाशिकच्याच उंचीवर आहे, म्हणून आमच्या एका ओळखीच्या कुटुंबानं "हवा आपल्यासारखी" म्हणत तिथे घर घेतलं. उंची आपल्यासारखी खरी, पण तिथे पाऊस जवळजवळ कायमचा. कपाटातल्या चपलांना हिरवी बुरशी, पापड मऊ, चादरी ओलसर. सहा महिन्यांत ते खाली उतरले. घर बघायला पावसाच्या दिवशी जा आणि कपाटं उघडून वास घ्या. छतावर पाण्याची टाकी आहे का ते विचारा, उन्हाळ्याच्या तोंडाला पाणी तासांवर येतं. करार दोनदा वाचा. अनामत परत मिळवताना भिंतीवरच्या प्रत्येक खिळ्याचा हिशोब होतो.

६. बाजार आणि पोट

इथे मात्र मजा आहे. क्वात्र बोर्नचा भाजीबाजार बुधवारी आणि शनिवारी भरतो. पहिल्या दिवशी मला वाटलं भाज्यांची नावं नव्यानं शिकावी लागणार. भाजीवालीनं भेंडी उचलली आणि म्हणाली "लालो". वांगं "ब्रेंझेल", दोडका "पिपंगाय", कारलं "मार्गोझ". कोथिंबिरीची जुडी पुढे केली तर "कोतोमिली". हा शब्द कुठून आला असेल ते दक्षिणेकडच्या शेजाऱ्यांना विचारा. पालेभाजी म्हणजे "ब्रेद", शेवग्याचा पाला "ब्रेद मुरुम", आणि "ब्रेद सोंज" म्हणून जे मिळतं ते आपलं अळू. त्या दिवशी मी फदफदं केलं आणि नवरा दोन वेळा वाढून घेऊन जेवला.

रस्त्यावरचं खाणं म्हणजे दालपुरी. आपली पुरणपोळी गोड व्हायची राहून गेली असं समजा. पातळ, मऊ पोळी, आत शिजवून बारीक केलेली पिवळी डाळ. गाडीवरचा माणूस कागदावर दोन पोळ्या एकीवर एक टाकतो, कारण ती जोडीनंच विकतात. त्यावर वालासारख्या मोठ्या पांढऱ्या दाण्यांची रस्साभाजी, टोमॅटोची रुगाय, कोथिंबिरीची चटणी आणि मग तो डोळे वर करून विचारतो, "पिमां?" म्हणजे मिरची. नाशिकचा माणूस मिसळीवर वाढलेला, छाती पुढे काढून हो म्हणतो. म्हणू नका. ती मिरची आपल्या तर्रीची कोणी लागत नाही, सरळ घशाला धरते. "तिगित", म्हणजे थोडीशी, म्हणा. मग गुंडाळी हातात येते आणि रस कोपरापर्यंत ओघळतो. शाकाहारी माणसाचं पोट या एका पदार्थावर महिनाभर भरेल. जोडीला डाळीचे मिरचीवडे, "गातो पिमां", सकाळी पावात घालून खातात. वडापावचा दूरचा भाऊ.

दूध मात्र रडवतं. ताजं दूध जवळपास नाहीच, भुकटी किंवा खोक्यातलं. चहा जमतो, दही लागायला वेळ लागतो, पनीरचा नाद सोडा.

७. वादळ

हा भाग उभ्या उभ्या वाचू नका.

वादळाचा इशारा चार पायऱ्यांत देतात. क्लास एक म्हणजे वादळ अजून ३६ ते ४८ तास दूर. क्लास दोन हा जोराचे झोत यायच्या आधी दिवसाउजेडाचे साधारण बारा तास हाताशी राहतील असा लावतात, क्लास तीन सहा तास. ताशी १२० किलोमीटरचे झोत प्रत्यक्ष नोंदले गेले आणि पुढेही येणार असले की क्लास चार. आकडा जितका मोठा तितका धोका जवळ.

आणि मी काय समजले? आपल्याकडे क्लास वन अधिकारी सर्वांत मोठा, क्लास फोर शिपाई. सकाळी क्लास एक ऐकलं तेव्हा धास्तावले. रात्री क्लास दोन झालं तेव्हा म्हटलं, चला, उतरतंय. दुसऱ्या दिवशी क्लास तीन लागल्याचं ऐकून तर मी निश्चिंत होऊन पिशवी उचलली आणि रोझ हिलला भाजी आणायला गेले. दुकानं भराभर बंद होत होती. परतायला बस नाही. भिजत, वाऱ्यात छत्री उलटी झालेली, तीन किलोमीटर चालत घरी आले. खालच्या मजल्यावरच्या आजी दारात उभ्या होत्या. क्रियोलमध्ये जे बोलल्या त्यातलं मला अक्षर कळलं नाही, पण सगळं समजलं.

म्हणून क्लास एक लागताच हे करा. पाणी भरा, पिण्याचं वेगळं. मेणबत्त्या, टॉर्च, चार्ज केलेली पॉवरबँक, गॅस, बिस्किटं, कोरडा शिधा. बाल्कनीतल्या कुंड्या आणि कपड्यांचा स्टँड आत घ्या. क्लास दोनला गाडीत इंधन भरून घरी या. क्लास तीन लागलं की कामधंदा बंद होतो, बाहेर पडायचं नाही. आणि मध्येच वारा एकदम थांबला, पाखरं बोलायला लागली, तर फोटो काढायला गच्चीवर जाऊ नका. वादळाचा डोळा डोक्यावर असतो, दुसरी बाजू यायचीय. तिथली घरं सिमेंटची असतात. १९६० च्या कॅरोल वादळानं लाकडी-पत्र्याची घरं उडवली, त्यानंतर काँक्रीटवर भर आला. घरात राहाल तर सहसा काही होत नाही.

वाऱ्यापेक्षा पाणी फसवं. ३० मार्च २०१३ ला पोर्ट लुईमध्ये अचानक आलेल्या पुरात ११ माणसं गेली, आणि जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळाच्या वेळी राजधानीतल्या रस्त्यांवरून मोटारी वाहून गेल्या. आपण दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं ते बघून पुराचा अंदाज घेतो, गोदावरी तेवढा वेळ देते. तिथे डोंगर शहराला चिकटून आहेत, पाणी अर्ध्या तासात अंगावर येतं.

८. समुद्र

बेटाला बहुतेक सगळीकडून प्रवाळाची कडा आहे, तिच्या आत पाणी शांत आणि उथळ. दक्षिणेला ग्री-ग्रीसारख्या ठिकाणी ती कडा तुटलेली आहे. तिथे काठावरून बघायचं, पाण्यात उतरायचं नाही. रबरी बूट यासाठी की तळाशी समुद्री साळू असतात, आणि दगडासारखा दिसणारा विषारी दगडमासा. जून ते ऑगस्ट पूर्व किनाऱ्यावर वारा झोडपतो, तेव्हा पश्चिमेला किंवा उत्तरेला राहा. किनारे सगळे सार्वजनिक आहेत, हॉटेलसमोरच्या वाळूवर चालायला कोणाची परवानगी लागत नाही. गंगापूर धरणात पोहायला शिकलेल्यांनी शौर्य जपून दाखवावं.

डोंगरांची आवड असेल तर ल पूस चढा, ८१२ मीटर. अंजनेरी चढणाऱ्याला सोपा, पण पावसानंतर घसरडा.

९. "आपली" माणसं

पोर्ट लुईला आप्रवासी घाट आहे. नाशिककराला घाट म्हटलं की रामकुंड आठवतं, स्नान, दशक्रिया. तो घाट तसा नाही. १८३४ पासून करारावर आणलेले मजूर जिथे उतरवले, मोजले, ठेवले ती जागा. सोळा दगडी पायऱ्या आहेत. त्यांतले मराठी मजूर बरेचसे कोकणातले. फिरायच्या यादीत हे ठिकाण पहिल्या दोन दिवसांत घाला, म्हणजे पुढे भेटणारी माणसं नीट कळतील. ग्रां बासँ हे तिथलं पवित्र तळं, त्याला गंगा तलाव म्हणतात. गोदावरीला गंगा म्हणणाऱ्यांना त्याचं नवल वाटू नये. १९७२ मध्ये गोमुखाचं पाणी आणून त्यात मिसळलं. महाशिवरात्रीला लोक कावडी घेऊन दिवस-दिवस चालत येतात, त्या आठवड्यात रस्त्यांचा अंदाज घेऊनच निघा.

मराठी शाळेत विषय म्हणून शिकवतात, मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत पुढचं शिक्षण आहे. पण कोणी भेटलं की "आडनाव काय, गाव कुठलं" सुरू करू नका. तिथे पणजोबांचं नावच पुढे आडनाव झालेलं असतं आणि गाव कागदात हरवलेलं. वाकोआजवळ गणपतीत एका घरी गेले होते. आरती आमचीच, चाल जरा वेगळी. आजींनी मोदक पुढे केला आणि जपून, एक एक शब्द ठेवत म्हणाल्या, "घ्या. गोड आहे." मी भडाभडा मराठीत सुरू झाले. त्या हसल्या आणि नातवाकडे वळून क्रियोलमध्ये म्हणाल्या, तू बोल, ही फार भरभर बोलते. हळू बोला, त्यांचं मराठी दुरुस्त करू नका. आणि "तुम्ही आमचेच" असं छातीठोक सांगू नका. १२ मार्च १९६८ ला स्वतंत्र झालेल्या देशाचे ते नागरिक आहेत, नातं त्यांना जोडायचं तेव्हा ते जोडतात.

१०. परत येताना

साखर आणा, जाड तपकिरी. आणि दक्षिणेतल्या बुआ शेरीच्या मळ्यातला व्हॅनिलाचा चहा. तिथे तो सगळ्यांना फार आवडतो. मी दोन पुडे आणले, सासूबाईंना कौतुकानं करून दिला. त्यांनी एक घोट घेतला, कप बशीत ठेवला आणि विचारलं, "यात आलं किसून घातलं तर चालेल का गं?"